कधी बंद पडतो ते सांग

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. तपासणी उरकून परत निघालो तेव्हा दुपारचे अडीच वाजून गेले होते. ती काळा चष्मा लावून मागच्या सीटवर टेकून बसली होती, मी गाडी चालवत होते. निम्मा रस्ता झाला असेल नसेल, स्टिअरिंगवरच्या माझ्या मनगटाला काहीतरी वेगळं जाणवलं. हवा येत होती, तेवढ्याच जोरात येत होती, पण तिच्यातला गारवा गेला होता. मिनिटभरात ती कोमट झाली आणि पुढच्या वळणापर्यंत बाहेरची झळ आणि आतली हवा यांत काही फरकच उरला नाही.

मी बटण बंद करून पुन्हा चालू केलं. ब्लोअर वाढवला, कमी केला. काही नाही.

"काय गं, काय झालं?" मागून आवाज आला.

"एसी गेला. गॅस संपला असणार."

"सकाळी येताना मी शाल घेतली होती अंगावर. दुपारपर्यंत संपला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. काचा खाली केल्या तर धूळ आत यायला लागली, आणि डोळ्यात धूळ जाऊ देऊ नका असं डॉक्टरांनी चारदा बजावलं होतं. काचा पुन्हा वर. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत १० मिनिटांत साधारण १० अंशांनी तापमान चढतं हे मला माहीत होतं. आमची गाडी निदान चालती होती. पुढची एकच काच दोन बोटं उघडी ठेवून उरलेला रस्ता कापला. घराशी उतरताना आईचा चेहरा लालबुंद झाला होता आणि तिनं स्वतःच स्वतःची नाडी धरली होती. माझी आई ३४ वर्षं नर्स होती, त्यातली बरीचशी मेडिसिनच्या वॉर्डात. नाडी धरताना ती कुणाशी बोलत नाही.

संध्याकाळी औषधं आणायला म्हणून गाडी काढली, तर एसी पहिल्यासारखा गारेगार.

आईला येऊन सांगितलं तेव्हा ती पलंगावर पडली होती. तिला आनंद वगैरे काही झाला नाही. ती म्हणाली, "म्हणजे उतरून पुन्हा येणारा ताप आहे हा. का बंद पडतो ते राहू दे. कधी बंद पडतो ते आधी सांग."

तेव्हा मी ते फारसं मनावर घेतलं नाही, याची मला आजही चुटपुट आहे. कारण पुढचे दहा दिवस मी जी धावपळ केली ती सगळी 'का' च्या मागं केली.

"गॅस संपला" हे आपण इतक्या सवयीनं म्हणतो, की त्या वाक्याचा अर्थ तपासायची गरजच वाटत नाही. पेट्रोल संपतं, सिलिंडर संपतो, तसा हाही संपत असेल. पण एसीतला गॅस जळत नाही, झिजत नाही, खर्ची पडत नाही. तो बंद नळ्यांच्या एका वळशात फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो तेव्हा तो तापतो. गाडीच्या नाकाशी असलेल्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, ती उष्णता बाहेरच्या हवेला देऊन तो द्रव होतो. मग एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये सुटतो. तिथं दाब एकदम पडल्यानं तो उकळायला लागतो, आणि उकळायला लागणारी उष्णता आपल्या केबिनच्या हवेतून ओढून घेतो. आर-१३४ए हा पुष्कळ गाड्यांमधला गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो. मला ही गोष्ट पहिल्यांदा नीट कळली तेव्हा मी बराच वेळ त्या व्हेंटसमोर हात धरून बसले होते. आपल्या अंगावर येणारा गारवा कशाच्या तरी उकळण्यातून येतो, हे डोक्यात शिरायला वेळ लागतो.

तर हा सगळा माल छोट्या गाडीत साधारण अर्धा किलो. तोच तो, वर्षानुवर्षं फिरणारा. तो कमी झाला तर त्याचा अर्थ एवढाच, की कुठूनतरी सुटला. रबरी पाइपातून, जोडांच्या ओ-रिंगमधून, कॉम्प्रेसरच्या शाफ्टच्या सीलमधून तो हळूहळू झिरपतो. त्याला महिने लागतात, कधी वर्षं. अशा गाडीचा मालक म्हणतो, "गेल्या उन्हाळ्याइतका गार लागत नाही." खडा लागून कंडेन्सर फुटला तर मात्र गॅस काही मिनिटांत जातो, आणि मग कायमचाच जातो. आमचा एसी दुपारी गेला आणि संध्याकाळी आला. सुटलेला गॅस संध्याकाळी परत येत नाही. एवढा साधा विचार त्या वेळी माझ्या डोक्यात आला नाही.

मी गाडी एका गॅरेजमध्ये नेली. एसी अचानक बंद पडतो म्हणून सांगितलं. "गॅस बघावा लागेल ताई," असं म्हणून त्यांनी बॉनेट उघडलं आणि मशीन लावलं. मशीननं आधी आतला गॅस ओढून घेतला. मग अर्धा तास व्हॅक्यूम. हा व्हॅक्यूम महत्त्वाचा असतो. निर्वात पोकळीत पाणी नेहमीच्या तापमानालाही उकळून वाफ होतं, त्यामुळं नळ्यांत शिरलेली ओल निघून जाते. ओल राहिली तर व्हॉल्व्हच्या तोंडाशी बर्फ धरतो आणि तेलाशी मिळून आम्ल तयार होतं, ते आतून सगळं कुरतडतं. शेवटी मोजून गॅस भरला. सव्वा तास गेला. इंजिन सुरू केलं आणि व्हेंटमधून अशी गार हवा आली, की मीच समाधानानं मान हलवली. "बघा, गॅसच कमी होता," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी, भर रस्त्यात, पुन्हा तेच.

त्या रात्री गॅरेजची चिठ्ठी माझ्या हाताला लागली. मशीननं छापलेली, अर्धी पुसट. आईनं विचारलं, "काय लिहिलंय? वाच मोठ्यानं." तिला अजून बारीक अक्षर वाचायची मनाई होती. मी वाचलं: काढलेला ४३० ग्रॅम, भरलेला ४५० ग्रॅम.

"किती असायला पाहिजे होता?"

बॉनेटच्या आत एक चिकटपट्टी असते, तिच्यावर ते लिहिलेलं असतं. मी टॉर्च घेऊन खाली गेले. ४५० ग्रॅम.

म्हणजे गॅस जवळजवळ पूर्ण होता. ते मशीननं स्वतः मोजून, छापून दिलं होतं, आणि तो कागद ना त्यांनी वाचला ना मी. मग एसी गॅरेजमधून निघताना चालला कसा? या प्रश्नाचं उत्तर आईनं पलंगावरून, डोळे मिटूनच दिलं. "गाडी सव्वा तास बंद होती ना? बॉनेट उघडं टाकून? वॉर्डात हे फार बघितलंय मी. ताप उतरायच्याच वेळेला गोळी पडली, की सगळा मान गोळीला."

गाडी नुसती विसावली होती. बरी होण्याचं श्रेय मात्र उपचाराला गेलं.

मला इथं थोडं थांबून त्या गॅसबद्दल बोलायचंच आहे, कारण 'बघू तरी गॅस भरून' हे वाक्य वाटतं तितकं निरुपद्रवी नाही. आर-१३४एच्या आधी गाड्यांत आर-१२ असायचा. मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं, की त्या जातीचे गॅस वातावरणात खूप वर जाऊन ओझोनचा थर खातात. १९८७ मध्ये माँट्रिअल करार झाला, १९९५ मध्ये त्या दोघांना पॉल क्रुट्झन यांच्यासोबत नोबेल मिळालं, आणि आर-१२ हळूहळू मागं पडला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण १०० वर्षांच्या हिशेबानं तो कार्बन डायऑक्साइडच्या १,३०० ते १,४०० पट उष्णता धरून ठेवतो. म्हणून २०१६ मध्ये माँट्रिअल कराराच्या किगाली दुरुस्तीत त्याचाही वापर उतरवत न्यायचं ठरलं आणि नव्या गाड्यांत तर त्याआधीपासूनच आर-१२३४वायएफ हा खूप कमी उष्णता धरणारा गॅस येऊ लागला होता. अर्धा किलो गॅस हवेत सोडला तर ते साडेसहाशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं आहे. गळती न शोधता दर वर्षी टॉपअप करणं म्हणजे जेवढा गॅस भरला तेवढा दर वर्षी वर पाठवणं. रोग कळला नसताना दिलेलं औषध कुणाच्या तरी अंगावर उतरतंच.

दुसऱ्या दिवसापासून आईनं वही सुरू केली. खरं म्हणजे वही माझी, नोंदी तिच्या, लिहिणारी मी. वॉर्डात तापाचा कागद असतो, दर ४ तासांनी एक टिंब आणि टिंबांना जोडणारी रेघ. टायफॉइडचा ताप पायऱ्या चढल्यासारखा चढतो, मलेरियाचा दिवसाआड थंडी वाजवत येतो. रेघ बघूनच तिला अंदाज यायचा, रक्ताचा रिपोर्ट मागाहून. आता माझ्या गाडीची रेघ काढायची होती. निघाल्याची वेळ, बंद पडल्याची वेळ, ऊन होतं की रात्र, गाडी पळत होती की रांगत होती, हवेचा जोर कमी झाला का, इंजिनाचा काटा कुठं होता, पुन्हा कधी सुरू झाला.

पहिल्या आठवड्यातल्या नोंदी माझ्यासमोर आहेत. २८ मिनिटं, दुपार, मोकळा रस्ता. ३१ मिनिटं, दुपार. २२ मिनिटं, दुपार, गर्दीत अडकलो. रात्री १ तास, बंद पडला नाही. २६ मिनिटं, मग बॉनेट उघडून २० मिनिटं थांबलो, पुन्हा सुरू.

वही भरायला लागल्यावर एकेक संशयित गळायला लागला. सिग्नलला उभं राहिलं की हवा गरम आणि गाडी पळाली की गार, असं असतं तर कंडेन्सरच्या पंख्याकडे बघायला हवं होतं. गाडी उभी असताना जाळीतून वारा ओढायचं काम तोच पंखा करतो. आमचा मोकळ्या रस्त्यावरही बंद पडत होता. आधी गार लागायचं आणि मग व्हेंटमधून हवाच कमी कमी व्हायला लागली असती, तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय म्हणायचं. हा आजारही दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवलं की बर्फ वितळून आपोआप बरा होतो, म्हणून माझा सगळ्यात जास्त संशय याच्यावर होता. पण आईनं दर वेळी हात पुढं करून सांगितलं होतं, जोर तेवढाच आहे. बर्फ असता तर ती हवा आली कुठून? इंजिन फार तापलं की त्याचा संगणक त्याचा बोजा कमी करायला एसी तोडून टाकतो, पण काटा मधोमध होता. आणि गरम-गार हवा मिसळणारी डॅशबोर्डातली झडप अडकली असेल का, हे तपासायची एक सोपी रीत मला तोवर कळली होती. बॉनेटखाली एसीचे दोन पाइप असतात, एक जाड, एक बारीक. एसी चालू असताना जाड पाइप गार आणि घामेजलेला लागतो, बारीक पाइप गरम, कधी चटका बसण्याइतका, म्हणून हात सांभाळून लावायचा. जाड पाइप गार आहे आणि आत हवा गरम येतेय, तर दोष झडपेचा. आमचे दोन्ही पाइप सारखेच. गॅस फिरतच नव्हता.

कॉम्प्रेसर थांबत होता. एवढं नक्की झालं.

पण सगळ्यात मोठी नोंद आईनं कानानं केली. तिचे डोळे चष्म्याआड मिटलेले असायचे, आणि रस्ता दिसत नसल्यामुळं असेल, गाडीचे बारीकसारीक आवाज तिला माझ्यापेक्षा जास्त ऐकू यायचे. एका दुपारी, एसी गेल्यावर ती म्हणाली, "तुझ्या गाडीत पुढं काहीतरी टक करतं. एकदा टक झालं की थोड्या वेळानं पुन्हा टक होतं. जोडीनंच यायचं इतका वेळ. आता शेवटचं एकटंच आलं."

मी त्या दिवशी वहीत ते जसंच्या तसं लिहिलं: शेवटचं टक एकटंच आलं. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता.

तो आवाज कॉम्प्रेसरच्या क्लचचा. कॉम्प्रेसरला इंजिन पट्ट्यानं फिरवतं, पण एसी नको असताना त्याला फिरवत ठेवणं परवडायचं नाही. पॅकार्ड कंपनीनं १९४० च्या मॉडेलमध्ये कारखान्यातूनच एसी बसवून दिला तेव्हा त्यात असा क्लच नव्हता. एसी नको असला तर गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, बॉनेट उघडायचं आणि पट्टा काढून ठेवायचा. आज आपण एका बोटानं जे करतो त्यासाठी मधे एक विजेचं लोहचुंबक आलं. पुलीच्या आत तांब्याच्या तारेची एक कॉइल असते. पुली पट्ट्याबरोबर सतत फिरते, पण तिच्या समोर, केसाच्या काही पट अंतरावर, एक पोलादी चकती स्वस्थ उभी असते. कॉइलला वीज मिळाली की चकती खेचली जाऊन पुलीला चिकटते, टक होतं, आणि कॉम्प्रेसर फिरायला लागतो. कूलिंग कॉइल गोठायच्या बेताला आली, की तिचं तापमान बघणारा थर्मिस्टर खबर देतो, वीज तुटते, चकती सुटते, टक. थोड्या वेळानं पुन्हा वीज, पुन्हा टक. (काही नव्या कॉम्प्रेसरना असा क्लच नसतो, ते आतल्या आत आपला जोर कमी-जास्त करतात. त्यांचं निदान वेगळं.)

या विजेला कॉइलपर्यंत पोचायला मात्र बऱ्याच जणांची परवानगी लागते. आपलं बटण, थर्मिस्टर, फ्यूज, रिले म्हणजे विजेनंच चालू-बंद होणारा स्विच, इंजिनाचा संगणक आणि गॅसचा दाब बघणारा प्रेशर स्विच. हा शेवटचा फार मोलाचा. गॅस सुटून दाब फार उतरला तर तो वीज तोडतो, कारण गॅसबरोबरच कॉम्प्रेसरचं तेल फिरत असतं आणि गॅस नसला तर कॉम्प्रेसर कोरडा फिरून जळेल. दाब फार चढला तरी तोडतो, नाहीतर नळी फुटेल. म्हणून स्विचच्या दोन पिना तारेनं जोडून कॉम्प्रेसर जबरदस्तीनं चालवू नये. थोडा वेळ गार हवा मिळेल आणि कॉम्प्रेसर जाईल.

दुसऱ्या वेळी मी वाहनांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या एका वयस्कर काकांकडे गेले. त्यांना वही दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ती शेवटपर्यंत वाचली, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कुणी ऐकलं?"

"आईनं. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय."

"मग आत्ता इथं काही बघायचं नाही. आत्ता गाडी गार आहे, आत्ता ती बरीच दिसणार. चला, फिरवून आणू. बंद पडला की इंजिन तसंच चालू ठेवून परत यायचं."

मला वाटतं, सगळ्या दुरुस्तीतला खरा हुशारीचा क्षण तो होता. आजार अंगात असताना रोग्याला बघायचं. आम्ही दुपारच्या उन्हात गाडी फिरवली, २७ मिनिटांनी एसी गेला, आणि इंजिन बंद न करता परत आलो. काकांनी बॉनेट उघडलं. मला ओढणी खोचायला लावली, केस बांधायला लावले. फिरत्या पट्ट्याजवळ सैल काहीही नको.

"बघा, पुली फिरतेय. आणि समोरची ती चकती?"

मी वाकून बघितलं. पुली भिरभिरत होती आणि तिच्या तोंडाशी चकती अगदी निश्चल उभी होती. तिच्यावरचा तेलकट डागसुद्धा स्पष्ट दिसत होता. मग त्यांनी क्लचला जाणाऱ्या तारेच्या जोडात मल्टिमीटरच्या दोन सुया टेकवल्या. १३.८ व्होल्ट.

त्या आकड्याकडे बघताना माझ्या डोळ्यांसमोर ती सगळी साखळी उभी राहिली. तारेत वीज आहे, म्हणजे बटणानं होकार दिलाय, फ्यूज शाबूत आहे, रिलेनं जोड दिलाय, संगणकाची हरकत नाही, आणि प्रेशर स्विचनंही मान हलवलीये, म्हणजे गॅसचा दाबही ठीक आहे. एका मोजणीत इतक्या जणांची साक्ष झाली. गॅस भरायच्या मशीनपेक्षा ही दोन मिनिटांची तपासणी आधी का होऊ नये, हे मला आजही समजत नाही.

काकांनी झाडूचा लाकडी दांडा घेतला, लांब उभे राहिले आणि दांड्याच्या टोकानं चकतीला जराशी ढकल दिली. टक. चकती चिकटली, कॉम्प्रेसर फिरायला लागला, इंजिनाचा आवाज किंचित जड झाला. हा प्रयोग घरी कुणी करू नये, दांडा पट्ट्यात गेला तर हात जाईल. त्यांचा हात त्यात मुरलेला होता.

"वीज आहे, ओढ कमी पडतेय," ते म्हणाले. "अंतर वाढलंय."

इंजिन गार झाल्यावर त्यांनी फीलर गेजच्या पोलादी पात्या काढल्या. पुली आणि चकती यांच्या मधली फट त्यांनी तीन ठिकाणी मोजली. ही फट साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी लागते. आमची ०.९ भरली. प्रत्येक वेळी चिकटताना चकती कणभर घासते, आणि ९ वर्षांत लाखो वेळा चिकटून तिनं स्वतःला इतकं लांब नेलं होतं.

आता आईच्या एकट्या 'टक' चा अर्थ लागला. चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्यानं कमी होते, अंतर दुप्पट झालं की ती साधारण चौथ्या हिश्शावर येते. त्यात तांबं तापलं की त्याचा विजेला होणारा विरोध वाढतो, दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. बॉनेटखाली कॉइल ६० अंशांनी तापली, तर तिच्यातला प्रवाह पाचव्या हिश्शानं घटतो आणि ओढ त्याहून जास्त, जवळजवळ एक तृतीयांशानं. गार असताना कशीबशी ओढून घेणारी कॉइल तापल्यावर कमी पडायची. पण ती एकदा चिकटलेली चकती सोडत नव्हती, कारण चिकटल्यावर अंतर उरतच नाही आणि धरून ठेवायला थोडी ओढही पुरते. अवघड होतं ते सुटल्यावर पुन्हा पकडणं. थर्मिस्टरनं नेहमीप्रमाणे वीज तोडली, चकती सुटली, टक. काही सेकंदांनी वीज परत आली, पण तेवढ्या अंतरावरून तिला ओढून घ्यायची ताकद राहिली नव्हती. दुसरं टक झालंच नाही. रात्रीच्या गारव्यात ते होत राहायचं, गर्दीत कॉइल लवकर तापून लवकर बंद पडायचं, वीस मिनिटं विसावल्यावर पुन्हा व्हायचं. वहीतली प्रत्येक ओळ आपापल्या जागी जाऊन बसली.

दुरुस्तीला फारसा वेळ लागला नाही. चकतीच्या मधला एक बोल्ट काढला, चकती ओढून घेतली. तिच्या मागं शाफ्टवर पातळ वॉशरसारख्या शिम असतात, फट राखण्यासाठी. काकांनी त्यातली ०.५ मिलिमीटरची एक काढली, कडा पुसून चकती परत बसवली आणि फट पुन्हा मोजली. ०.४. कॉइलचा रोध मोजला, ३.६ ओहम, ठणठणीत. ती काढलेली शिम त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. नखासारखी पातळ, कडेला निळसर झाक, मधल्या भोकाभोवती घासल्याची एक चकचकीत रेघ. वजन जाणवत नव्हतं.

मी ती घरी आणून आईच्या हातात दिली. तिनं अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून फिरवून बघितली, जाडी बोटानं चाचपली आणि वहीच्या पानावर चिकटवायला सांगितली, नोंदींच्या खाली.

पुढच्या तपासणीला निघालो तेव्हाही दुपारच होती. ऊन मागच्यासारखंच. मी मुद्दाम घड्याळाकडे बघत नव्हते, पण २२ मिनिटं, २५ मिनिटं हे आकडे डोक्यात आपोआप येत होते. पुढं टक होत होतं, आणि थोड्या वेळानं पुन्हा टक.

"किती झाले?" आईनं विचारलं.

"पन्नास."

"जोडीनं येतंय."

"हो."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ती मधली झडप जरा वर कर गं. सगळं माझ्या मानेवर येतंय."